जासईचा ध्रुव

पनवेल बघायला म्हणून कोणी जात नाही. गोव्याला, पुण्याला, मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत ते येतं, आणि प्रत्येकजण तिथं चहा पिऊन पुढं जातो. आमच्या मंगळवेढ्याच्या गल्लीत पनवेलचा स्टँड पाहिलेली माणसं पुष्कळ सापडतील; पनवेल पाहिलेलं एकही सापडायचं नाही. मीही त्यातलाच. या जानेवारीत मात्र मला तिथं उतरावं लागलं आणि पुढं जासईला जाऊन राहावं लागलं. परत आल्यापासून लोक विचारतात, कसं आहे गाव? मी म्हणतो, बरं आहे. ते खरं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी जाण्याचं कारण सांगतो. माझी धाकटी बहीण सुमन, तिची एकुलती मुलगी प्राजक्ता. शिकून नोकरीला पनवेलला गेली. बंदरातून जाणाऱ्या मालाचे कागद तयार करणाऱ्या एका कचेरीत होती. तिथंच जितेश भेटला, जासईचा. दोघांनी लग्न ठरवलं, आम्ही अक्षता टाकायला हो म्हटलं. मी स्वतः लग्नाला नव्हतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. लग्न झालं हिवाळ्यात आणि पावसाळा सरायच्या आत जितेश गेला. मोटरसायकलवरून घरी येताना त्याला ट्रेलरनं उडवलं. पुढं वर्षश्राद्धही होऊन गेलं, तरी पोरगी माहेरी यायला तयार नव्हती. का, ते सांगायची नाही. फोनवर नुसतं "इथं बरं आहे" म्हणायची. सुमन रडून रडून अर्धी झाली. मला म्हणाली, "दादा, तू जा. तुझं ती ऐकते."

ऐकते, कारण लहानपणी ती माझ्याच घरी वाढली. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि संध्याकाळी घराच्या माळवदावर तिला तारे दाखवायचो. आमच्याकडं पाऊस नाही, पीक नाही, पण आकाश आहे. तेवढं एकच मी तिला देऊ शकलो.

पनवेल

स्टँडवर मला न्यायला जितेशचा धाकटा भाऊ दिनेश आला होता. पंचविशीतला, गळ्यात सोन्याची जाड साखळी, पांढरी मोठी गाडी, आणि बोलणं असं की चार वाक्यांत तीन भाषा.

"मामा, ट्रॅव्हल कसा झाला? दमला असाल. एसी वाढवू का?"

जानेवारीत सकाळच्या वेळी एसी वाढवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मी मफलर घट्ट केला. त्यानं हसून एसी वाढवलाच.

पनवेल ओलांडलं आणि रस्ता ट्रेलरांच्या ताब्यात गेला. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आणि बाजूला रांग लावून उभे ते आणखी कंटेनर. सगळे न्हावा शेव्याकडं तोंड करून किंवा तिकडून येणारे. ड्रायव्हर लोक चाकाच्या सावलीत स्टो पेटवून जेवण रांधत होते. धूळ इतकी की रस्त्याकडेच्या झाडांना पान हिरवं असतं याचा विसर पडलेला. मधूनच खाडीचा एक तुकडा दिसायचा, त्यात एक बगळा, आणि लगेच पुढं पत्र्याचं कुंपण. एका वळणावर दिनेशनं गाडीचा वेग कमी केला, गाणं बंद केलं आणि वळण गेल्यावर पुन्हा लावलं. कुठलं वळण ते मी विचारलं नाही.

जासई

घर तीन मजली, पुढं संगमरवरी जिना, आत दिवाणखान्यात दोन सोफे. जमीन गेली तिच्या पैशांचं हे घर झालं, असं दिनेशनंच सांगितलं. उरलेली जागा कंटेनरच्या यार्डाला भाड्यानं दिलेली. आमच्याकडं घरं लहान आणि माणसं मावत नाहीत. इथं एवढ्या घरात आता तिघंच. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना कुलपं होती.

प्राजक्ता दारात आली. वाळली होती. "मामा, चहा की आधी आंघोळ?" एवढंच बोलली. तिच्या मागं तिची सासू हिराबाई उभ्या होत्या. ठेंगणी, काळीसावळी बाई, कासोट्याचं लुगडं, आणि माणसाकडं बघताना मान जरा वाकडी करायची लकब. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यामुळं समोरच्याला त्या सरळ न बघता बाजूनं बघायच्या.

"या मामा. लय लांबून आलाव. जेवाला काय करू? मासली चालतं का?"

चालते म्हटलं. खोटंच. आमच्याकडं मासळी म्हणजे तळ्यातली, तीही वर्षातून एकदा. दुपारी तांदळाची मऊ भाकरी आणि बोईटाचं कालवण आलं. भाकरी ज्वारीच्या भाकरीपुढं अगदीच लाजरी, पण कालवण असं की मी बोलायचं विसरलो. तिथंच घात झाला. काटा घशात बसला. खोकलो, डोळे पांढरे केले, माझ्या वयाला न शोभेल असा तमाशा केला. हिराबाईंनी कोरड्या भाताची मूठ वळली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चावू नुको. गिल." गिळली. काटा गेला. नंतर माझ्या ताटातला मासा त्यांनी स्वतः बोटांनी चाचपून, काटे काढून ठेवला. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी एक काटा राहिला नाही. ही बाई माझ्या भाचीला छळत असेल असं मला त्या क्षणापासून वाटेनासं झालं. मग पोरगी अडकली कशात, हे कोडं उलट वाढलं.

दिनेशनं सांगितलं की आई गावची धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. पूर्वी तर लग्न तिनंच लावायचं, भटजीचं नावच नसायचं. आता भटजी येतो, हळदीला डीजेही येतो, तरी धवला म्हटल्याशिवाय हळद पुरी होत नाही. "पण दादा गेला तवापासून आई कुठं जातच नाय," दिनेश म्हणाला. "लोक बोलवाला येतात. ती नाय बोलते."

संध्याकाळी प्राजक्ता मला गच्चीवर घेऊन गेली. चारही बाजूंना यार्डांचे उंच दिवे, आणि वर आकाश राखाडी. मृग उगवला होता, पण त्यातले ठळक तेवढे तारे दिसत होते. तिथं, कठड्याला टेकून, तिनं सांगितलं.

या घरात लग्नाच्या संध्याकाळी नवरा-नवरीला ध्रुव दाखवतात, आणि तो दाखवायचं काम धवलारणीचं. ती आधी नवऱ्याचं, मग नवरीचं बोट धरते, उत्तरेला नेम लावते आणि विचारते, "दिसला का?" नवरीनं म्हणायचं, "दिसला." दिसो की न दिसो. आमच्याकडंही असंच आहे, नव्हे, आमच्याकडं तर भटजी भर दुपारी मांडवाच्या छताकडं बोट करून अरुंधती दाखवतात आणि नवरी पंख्याकडं बघून मान डोलावते. पण प्राजक्ता माझ्या माळवदावर वाढलेली. हिराबाईंनी तिचं बोट धरून दाखवलं ते उत्तरेच्या टेकडीवरच्या खांबाकडं. त्याच्यावर एक पांढरा दिवा आहे. "दिसला का?" विचारल्यावर ही हसून म्हणाली, "आई, हा ध्रुव नाही, दिवा आहे."

सगळे हसले. सगळ्यात जास्त जितेश हसला, म्हणाला, "घे, शिकलेली बायको!" डीजे सुरू झाला, विषय संपला.

जितेश गेल्यावर तो विषय परत आला. मयताला जमलेल्या बायकांत कोणीतरी म्हणालं, की ध्रुव नाही म्हणाली होती नवरी. हिराबाई स्वतः तिला कधीही टाकून बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही आणि खोडलाही नाही.

"आणि मामा, मी आता निघून गेले ना, तर ते खरं ठरेल," प्राजक्ता म्हणाली. "तिनं ध्रुव नाकारला, नवरा गेला, आणि ती गेली. एवढीच गोष्ट राहील माझी इथं. आईंनी एकदा नुसतं म्हणावं, की तुझं काही चुकलं नाही. मग मी येते."

मला राग आला. कोणाचा, ते नक्की सांगता येत नाही. पण उपाय मात्र लगेच सुचला आणि तो सुचल्याचा मला आनंदही झाला, हे लिहायलाच हवं.

गच्ची

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधीच मी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. हिराबाई प्राजक्ताच्या खांद्याला धरून जिना चढल्या. खुर्ची उत्तरेकडं करून त्यांना बसवलं. टेकडीवरचा खांब नुसता काळा उभा होता. आकाशात अजून एकही तारा नव्हता.

"ताई, ध्रुव कुठं दाखवता तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी न चाचपडता बोट केलं. बरोबर खांबाकडं.

"आता बघत राहा."

आम्ही वाट बघत राहिलो. खाली ट्रेलर घरघरत होते. आणि मग खांबावरचा दिवा एकदम लागला. मिणमिणत, हळूहळू नाही. कोणीतरी खटका दाबला आणि लागला.

"लागला," हिराबाईच म्हणाल्या.

"तारा असा लागत नाही, ताई. तारा तिथंच असतो, अंधार होईल तसा उजळत जातो. हा दिवाच आहे. प्राजक्ता खरंच बोलली होती. तिनं ध्रुवाला नाही म्हटलं नाही, दिव्याला नाही म्हटलं."

वर्गात एखादा प्रयोग जमल्यावर मी जसा फळ्याकडं वळायचो तसा मी प्राजक्ताकडं वळलो. ती माझ्याकडं बघत नव्हती, सासूकडं बघत होती.

हिराबाईंनी त्या दिव्याकडं मान वाकडी केली. मग म्हणाल्या, "पयले आमी मिठागराच्या बांधावरून दाखवाचो. माजी सासू दाखवाची. तवा दिवा नवता कुठं. मंग यार्ड झाले, बांध गेला. मना वाटला, हाय तितंच हाय तो. हालत नाय, तिथंच असतो, मंग तोच." थोड्या वेळानं पुन्हा, अगदी हळू, "माज्या जित्याला मीच दाखिवला. बोट धरून."

दिनेश म्हणाला, "आये, सोड ना. कोन बगतो." खाली जाताना त्यांनी प्राजक्ताचा खांदा धरला नाही, कठड्याला धरून एकट्या उतरल्या.

मी समजत होतो की एका निरपराध पोरीच्या मानेवरचं जोखड मी उतरवलं. ते उतरलं आणि दुसऱ्या मानेवर जाऊन बसलं. ती रीत पाळणाऱ्या सगळ्या बायका बोटाकडं बघायच्या, आकाशाकडं कोणीच नाही, आणि प्रत्येक नवरी न बघता "दिसला" म्हणायची. त्यामुळं चूक कोणाची, हा प्रश्नच इतकी वर्षं उठला नव्हता. तो मी उठवला.

त्या रात्री जेवताना प्राजक्ता मला वाढता वाढता म्हणाली, "मामा, तुम्हाला फक्त बरोबर ठरायचं होतं." कालवण अप्रतिम होतं. ताटात तसंच राहिलं.

तळ्याकाठी

दुसऱ्या दिवशी हिराबाईंना पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं आधीच ठरलेलं होतं. मीही गेलो. घरात बसून करणार काय? डॉक्टर चांगला होता, म्हणाला, ऑपरेशन छोटं आहे, दुसऱ्या दिवशी पेपर वाचाल. हिराबाई म्हणाल्या, "आता बगाचा काय रायलाय?" आणि उठल्या. डॉक्टरनं प्राजक्ताकडं बघितलं, प्राजक्तानं जमिनीकडं.

दिनेश गाडी आणेपर्यंत आम्ही गावातल्या तळ्याच्या काठावर बाकावर बसलो. जुनं तळं आहे, भोवती आता फिरायला फरसबंद वाट केलीय. निवृत्त माणसं स्वेटर घालून फेऱ्या मारत होती. आमच्याकडं निवृत्त माणूस पारावर बसतो आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघतो. इथं तो घड्याळ लावून चालतो. मला पारावरचा बरा वाटला.

मला काहीतरी करून ती कालची जखम बुजवायची होती. माझ्याकडं आयुष्यभर एकच औषध होतं, ते मी काढलं.

"ताई, ऐका. तुम्ही खरा ध्रुव दाखवला असता ना, तरी काही फरक पडला नसता."

"कायला?"

"कारण खरा ध्रुवसुद्धा टिकाऊ नाही."

त्यांनी मान माझ्याकडं वाकडी केली. मग मी सांगत सुटलो. तारा म्हणजे स्वतःचंच अंग जाळणारा गोळा. जेवढं त्याचं वजन तेवढं त्याच्याकडं जळण. मग वाटतं, वजनदार तारा जास्त जगेल. पण होतं उलटं. वजन जितकं जास्त, तितका त्याच्या पोटावरचा दाब जास्त. दाब जास्त म्हणून आत उष्णता जास्त, आणि उष्णता जास्त म्हणून जळण भराभर संपतं. सूर्याच्या दुप्पट वजनाचा तारा घ्या. तो दुप्पट नाही, दहापट उजळतो. जळण दुप्पट आणि खर्च दहापट, म्हणून आयुष्य सूर्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. सूर्य जवळपास हजार कोटी वर्षं जगणार. ध्रुव त्याच्या चार-पाच पटींनी जड. हजारपटींहून जास्त उजळ. म्हणून त्याचं आयुष्य काही थोड्या कोटींचं, सूर्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही नाही. आत्ताच तो म्हातारा होऊन फुगलाय. सगळ्या जगानं अढळ म्हणून डोक्यावर घेतलेला तारा हा आकाशातल्या अल्पायुषी ताऱ्यांपैकी एक आहे.

"आन बारके?" हिराबाईंनी विचारलं.

"बारक्यांचा जाळ मंद. सूर्याच्या दहाव्या हिश्श्याचा तारा इतका जपून जळतो की सूर्य विझून गेल्यावरही कितीतरी काळ तो तसाच राहील. असे लाल, बारके तारे आकाशात सगळ्यात जास्त आहेत. पण नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही. तुमच्याच काय, कोणाच्याही."

शिकवण्याच्या माझ्या आयुष्यात इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं.

"म्हंजी जो लय दिसतो तो लवकर मरतो."

"हो."

"आन जो टिकतो तो दिसत नाय."

"हो."

"मंग पोरींना दाखवाचा कंचा?"

एवढी वर्षं हे गणित मी मुलांना घालत आलो, परीक्षेत विचारत आलो. पण या गणिताचा पुढचा प्रश्न हा आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं. तळ्यावर एक खंड्या सूर मारून गेला. प्राजक्ता पाण्याकडं बघत होती.

"टेकडीवरचाच बरा," हिराबाई म्हणाल्या. "तो इझला तं कोनीतरी येतो, दुसरा बसवतो." एवढं म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. फेऱ्या मारणारे लोक बघून न बघितल्यासारखे पुढं गेले. प्राजक्तानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठणंही बरं दिसलं नसतं. मी बसून राहिलो.

गाडीत बसताना त्या प्राजक्ताला म्हणाल्या, "मना एकदा खरा दाखव."

कर्नाळ्याच्या पायथ्याशी

खरा ध्रुव दाखवायचा तर यार्डाच्या दिव्यांपासून लांब जायला हवं. दिनेशनंच सुचवलं. कर्नाळ्याच्या पलीकडं, गोवा रस्त्यापासून आत, त्याच्या मामांचं शेत आहे. तिथं पोपटी लावू, म्हणाला. आईलाही बरं वाटेल. पोपटी म्हणजे या भागातला हिवाळ्याचा सण म्हणा ना. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यात ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, वरून पुन्हा पाला दाबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. आमच्या हुरड्याची ही मोठी बहीण, पण जास्त श्रीमंत घरात दिलेली.

दुपार कलताना पोहोचलो. कर्नाळ्याचा डोंगर उत्तरेला आडवा, त्याच्या माथ्यावर अंगठा उभारल्यासारखा तो सुळका. डोंगराच्या पलीकडं पनवेल, यार्डं, बंदर, सगळा उजेड. अलीकडं कापलेल्या भाताची खुंटं आणि वालाचे वेल. पक्षी घरी परतत होते. इथली हवा घेतल्यावर मला गेल्या काही दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतल्यासारखं वाटलं.

दिनेशनं पोपटी लावली. हिराबाई बसल्या जागेवरून सांगत होत्या, "जाल बारीक ठेव, दिन्या." पण त्याला घाई. त्यानं पेंढा आणि वाळली लाकडं मडक्यावर रचली ती माणसाच्या छातीएवढी. भडका असा उठला की मामांच्या कुत्र्यानं शेत सोडलं. थोड्याच वेळात सगळं बसलं, नुसती राख. वरचं कोळसा, मधली कोंबडी कच्ची, शेंगा तेवढ्या खाण्याजोग्या. दिनेश ओशाळून हसला. मी ताऱ्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझं तोंड आधीच बरंच चाललं होतं. आम्ही कडेच्या शेंगा सोलून खाल्ल्या. त्या मात्र फार चांगल्या होत्या.

अंधार पडला. डोंगरामागं पिवळट उजेड होता, पण डोंगरानं तो अडवून धरला होता. वायव्येला शर्मिष्ठा वर चढलेली. तिच्यावरून मी नेम लावला. सुळक्याच्या जरा उजवीकडं, कड्याच्या वर चार बोटं, एकटा, मध्यम तेजाचा तारा. ध्रुव. काही खास नाही दिसायला. ज्यांना माहीत नाही त्यांना तो कधीच सापडत नाही, कारण लोक सगळ्यात ठळक तारा शोधतात.

मी बोलणार होतो, पण प्राजक्ता पुढं झाली. तिनं हिराबाईंना उभं केलं, त्यांच्या मागं उभी राहिली, त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं आणि उत्तरेला नेम लावला. लग्नात त्यांनी तिचं धरलं होतं तसंच. नेम अचूक होता. मी मागून बघत होतो, एक केसभरही चूक नव्हती.

पण हिराबाईंची मान डावीकडं वळलेली होती. तिकडं झाडांमधून गोवा रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे येत-जात होते. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्याला डोंगरावरचा एवढासा ठिपका कुठून दिसणार? त्यांचं तोंड होतं त्या दिव्यांकडं आणि बोट होतं ध्रुवाकडं.

"आई," प्राजक्तानं विचारलं, "दिसला का?"

राखेत काहीतरी तडतडलं.

"दिसला," हिराबाई म्हणाल्या.

मग त्यांनी बोट सोडवून घेतलं, वळल्या आणि चाचपडत प्राजक्ताचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तू खरा बोलली व्हतीस. तुजा काय चुकला नाय. आता जा आपल्या आयशीकरं."

प्राजक्ता त्यांच्या गळ्यात पडून रडली. इतक्या दिवसांत ती रडताना मी पहिल्यांदा पाहिली. दिनेश गाडीकडं गेला आणि उगाच काच पुसत राहिला. मी आकाशाकडं बघत उभा राहिलो, कारण त्या वेळी दुसरीकडं कुठं बघायचं ते मला कळेना.

परत

आम्ही निघालो तेव्हा हिराबाई दारापर्यंतच आल्या. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, मी म्हटलं. "बगू," म्हणाल्या. प्राजक्ताला बरोबर सुकट बांधून दिली होती, माझ्यासाठी वेगळी पुडी, "काटं नाय याला" असं सांगून. गाडी वळेपर्यंत त्या हात हलवत होत्या, पण आम्ही ज्या बाजूला होतो त्या बाजूला नव्हे, जरा शेजारी. आता त्या तीन मजली घरात दोघंच.

पनवेलच्या स्टँडवर गाडीला उशीर होता. लोक चहा पिऊन पुढं जात होते. दोन बॅगांच्या मधे प्राजक्ता बसली होती. मग समोर बघतच म्हणाली,

"मामा, तुम्ही मागं उभे होतात. त्यांना खरंच दिसला का?"

लहानपणापासून या पोरीला मी एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. तिनं विचारावं आणि मी, असेल ते, तसं सांगावं, एवढाच आमच्यात व्यवहार होता.

"दिसला," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. गाडी लागली तशी तिनं एक बॅग उचलली, दुसरी मी.